42.4 या आकड्यात काय मावलं नाही

मागच्या महिन्यात घरी गेले होते. जेवताना मावशीने नेहमीचा प्रश्न टाकला, "तुझी ती पीएच.डी. नक्की कशावर आहे गं?" मी म्हटलं, "आकड्यांच्या इतिहासावर." त्यावर ती म्हणाली, "आकड्यांना कसला आलाय इतिहास? दोन आणि दोन तेव्हाही चारच होते."

मावशीचं बरोबर आहे. दोन आणि दोन तेव्हाही चारच होते. पण मोजायचं काय, हे कोणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायचा हे कोणी ठरवलं, बॅट्समनची सरासरी काढताना नाबाद डाव भागाकारातून वगळायचा हे कोणी ठरवलं, असल्या प्रश्नांवर माझं काम चालतं. आणि जे मोजायचं राहून गेलं, त्याचं पुढे काय होतं, हा त्यातला मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न.

आज तो प्रश्न मी तुम्हाला एका माणसाच्या गोष्टीतून सांगणार आहे. माणूस अमेरिकन, खेळ अमेरिकन फुटबॉल, आणि त्याचं काम असं की बरेच प्रेक्षक नेमके त्याच वेळी चहा-कॉफी आणायला उठतात. घाबरू नका, खेळ माहीत नसला तरी चालेल. मलाही नव्हता.

माझी आणि त्याची ओळख

मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलं. दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला एक छोटासा डेटासेट सरावाला दिला होता. 1993 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दोन फुटबॉल घेतले, एकात साधी हवा आणि एकात हेलियम भरला, आणि एका नवख्या माणसाकडून प्रत्येक बॉलला 39 वेळा लाथ मारून घेतली. कुठल्या बॉलमध्ये काय आहे हे त्याला सांगितलं नव्हतं. प्रश्न एकच: हेलियमचा बॉल लांब जातो का?

गणित सोडवलं, उत्तर आलं की फरक सिद्ध होत नाही. वही मिटली. पण डोक्यात किडा राहिला. फुटबॉलमध्ये हेलियम भरायचं हे कोणाच्या डोक्यात आलं असेल?

त्याचा माग काढत मी 1977 मध्ये पोहोचले. ओकलंड रेडर्स आणि ह्यूस्टन ऑइलर्स या दोन व्यावसायिक संघांचा सामना झाला. ऑइलर्सचे प्रशिक्षक बम फिलिप्स यांना रेडर्सच्या एका खेळाडूने मारलेला बॉल इतका वेळ वर तरंगताना दिसला की त्यांनी सरळ संशय घेतला: बॉलमध्ये हेलियम आहे. तो बॉल राइस विद्यापीठाकडे तपासायला पाठवायची भाषा झाली. आरोप काही सिद्ध झाला नाही.

ज्याच्यावर आरोप झाला तो खेळाडू म्हणजे रे गाय. हो, आडनाव 'गाय'च. मराठीत लिहिताना हसू येतं, म्हणून पुढे मी त्याला नुसतं रे म्हणेन.

आधी खेळ, दोन मिनिटांत

मैदान 100 यार्डांचं. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्डांची असते, म्हणजे साधारण साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा. बॉल ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. चार डाउनमध्ये 10 यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार मिळतात. नाही सरकलात तर बॉल आहे त्या जागेवर प्रतिस्पर्ध्याला द्यायचा.

आता समजा तीन डाउन फुकट गेले. तुम्ही आपल्याच गोललाइनच्या जवळ अडकला आहात. चौथा प्रयत्न फसला तर प्रतिस्पर्ध्याला बॉल तुमच्या दारात मिळणार. मग काय करायचं? बॉल आपणहून लांब लाथाडून द्यायचा. देणं तर आहेच, निदान लांब तरी देऊ. या लाथेला 'पंट' म्हणतात आणि ती मारणाऱ्याला 'पंटर'.

म्हणजे बघा, पंटरचं काम सुरू कधी होतं? बाकीचे सगळे अपयशी ठरले की. तो मैदानात येतो याचाच अर्थ संघाचं काहीतरी बिनसलंय. त्याला गुण मिळत नाहीत. त्याचं काम उत्तम झालं म्हणजे काय, तर पुढे काही वाईट घडलं नाही. आणि जे घडलंच नाही ते धावफलकावर कसं लिहायचं?

थॉमसनचा मुलगा

रेचा जन्म 22 डिसेंबर 1949 चा. तो वाढला जॉर्जिया राज्यातल्या थॉमसन या छोट्या गावात. उंची सहा फूट तीन इंच, पाय लांब आणि कमालीचे लवचिक. लाथ मारल्यावर त्याचा पाऊल डोक्याच्याही वर गेलेला जुन्या फोटोंत दिसतो. सदर्न मिसिसिपी विद्यापीठात तो नुसता पंटर नव्हता, बचाव फळीतही खेळायचा. बेसबॉलमध्येही तो चांगला पिचर होता.

1973 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंना आळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेत, ओकलंड रेडर्सने त्याला पहिल्याच फेरीत उचललं. क्रमांक 23. निव्वळ पंटर असलेल्या खेळाडूला पहिल्या फेरीत घेण्याची ही पहिलीच वेळ. पहिली फेरी ही भविष्यातल्या मोठमोठ्या खेळाडूंसाठी राखलेली. तिथे लाथ मारणारा माणूस घेतला म्हटल्यावर अनेकांच्या भुवया वर गेल्या. रेडर्सचे सर्वेसर्वा अल डेव्हिस आणि प्रशिक्षक जॉन मॅडन यांनी तरीही घेतला.

पुढची 14 वर्षं तो याच संघात राहिला. 1982 मध्ये संघ ओकलंडहून लॉस एंजेलिसला गेला, तोही गेला. 1986 च्या हंगामानंतर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर हे आकडे होते: सलग 207 सामने, 1,049 पंट, 44,493 यार्ड. भागाकार करून बघा, सरासरी येते 42.4 यार्ड. जवळजवळ दोन खेळपट्ट्या.

आणखी एक भागाकार करा. 1,049 भागिले 207, म्हणजे सामन्याला साधारण पाच पंट. एका पंटला स्वतः रे जितका वेळ लावायचा, तो धरला तर सामन्यातलं त्याचं काम मिनिटभराचंही नाही. उरलेला वेळ तो बाजूला उभा.

आता थोडं फिजिक्स

इथे माझ्यातली विज्ञानवाली जागी होते, सहन करा.

पंट मारल्यावर बॉल हवेत असतो तेव्हा आपल्या संघाचे खेळाडू पुढे धावत सुटतात. पलीकडे प्रतिस्पर्ध्याचा एक जण बॉल झेलायला उभा असतो. त्याने झेलला की तो उलटा आपल्याकडे धावत येणार. तो धावायला लागायच्या आत आपली माणसं त्याच्यापाशी पोहोचायला हवीत. म्हणजे बॉल किती लांब गेला याच्याइतकंच महत्त्वाचं, तो किती वेळ वर राहिला. या वेळेला 'हँग टाइम' म्हणतात.

आता गंमत बघा. समजा पायातून बॉल दर सेकंदाला 25 मीटर वेगाने सुटतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र सांगतं:

- 45 अंशात मारला तर बॉल जवळजवळ 70 यार्ड जातो, हवेत राहतो 3.6 सेकंद.
- 60 अंशात मारला तर 60 यार्ड, 4.4 सेकंद.
- 70 अंशात मारला तर 45 यार्ड, 4.8 सेकंद.

प्रत्यक्षात हवा अडवते आणि अंतरं बरीच कमी होतात, पण सौदा हाच राहतो. वेळ हवा असेल तर अंतर सोडा. अंतर हवं असेल तर वेळ सोडा. तीच ताकद, तोच पाय.

चांगला धावपटू 40 यार्ड साधारण साडेचार-पाच सेकंदांत कापतो. बॉल 3.6 सेकंदांत खाली आला, तर झेलणाऱ्यासमोर मोकळं रान. 4.8 सेकंदांनी आला, तर त्याच्या तोंडासमोर दोघे-तिघे हजर. मग तो मुकाट्याने हात वर करून इशारा देतो की मी धावणार नाही, मला पाडू नका.

आता सांगा, सरासरी यार्ड हा आकडा यातलं काय पकडतो? फक्त अंतर. उलट, ज्याने वेळेसाठी अंतर सोडलं त्याची सरासरी घटते. म्हणजे जो आपलं काम नीट करतो त्यालाच हा आकडा शिक्षा करतो.

बॉल नक्की किती वर जायचा?

जानेवारी 1976. न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, छत असलेलं अवाढव्य स्टेडियम. लीगच्या निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना, ज्याला प्रो बोल म्हणतात. मैदानाच्या मधोमध वर टीव्हीचे मोठे पडदे टांगलेले होते, सुमारे 90 फुटांवर. रेचा पंट थेट त्यावर आदळला. नंतर तो सांगाडा आणखी वर चढवावा लागला.

हे ऐकून मी लगेच पेन घेतलं. 90 फूट म्हणजे 27.4 मीटर. पाय लागतो तेव्हा बॉल जमिनीपासून मीटरभर वर असतो असं धरलं, तर आणखी 26.4 मीटर चढायला हवा. त्यासाठी उभ्या दिशेचा वेग लागतो निदान 22.8 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 82 किलोमीटर. आणि तोही फक्त वर जाण्याचा, पुढे जाण्याचा वेगळाच. पडदा मध्ये आला नसता तर तो बॉल पावणेपाच सेकंदांच्या आसपास वर राहिला असता.

म्हणजे हेलियमची गरजच नव्हती. तेही मोजून टाकू. बॉलचं आतलं आकारमान साधारण चार लिटर. त्यातली दाबून भरलेली हवा भरते नऊ ग्रॅमच्या आसपास. हेलियम भरला तर एक-सव्वा ग्रॅम. फरक सात-आठ ग्रॅमचा, आणि अख्खा बॉल 400 ग्रॅमच्या घरात. दोन टक्के. त्यातही हलका बॉल हवेच्या विरोधाने लवकर मंदावतो, त्यामुळे मिळालेलं थोडंफार निघून जातं. एखादं काम आपल्या मोजमापात बसलं नाही की आपण म्हणतो, यात काहीतरी लबाडी असणार. माझ्या मते बम फिलिप्स यांच्या संशयाचं मूळ तिथे आहे. बॉल वर राहिलेला सगळ्यांना दिसत होता, पण अधिकृत आकड्यांत त्या वेळेसाठी रकानाच नव्हता. आजही हँग टाइम हा लीगचा अधिकृत आकडा नाही.

1974: नियम बदलला, वही तीच राहिली

आता इतिहासाचा मुख्य मुद्दा.

रे आला 1973 मध्ये. 1974 मध्ये लीगने नियमांचा एक मोठा संच बदलला. खेळ कंटाळवाणा होतोय, धावाधाव वाढवायला हवी, असा विचार त्यामागे होता. त्यात पंटबद्दल एक बदल होता. तोवर बॉल मागे पंटरकडे फेकला की त्याच्या संघातले खेळाडू लगेच पुढे धावू शकत. नव्या नियमाने सांगितलं, फक्त टोकाच्या दोघांनी लगेच धावायचं, बाकीच्यांनी पाय बॉलला लागेपर्यंत थांबायचं.

बॉल पंटरच्या हातात येऊन लाथ बसेपर्यंत साधारण दोन सेकंद जातात. म्हणजे बहुतेक खेळाडूंची दोन सेकंदांची सुरुवात एका फटक्यात गेली. त्यांची भरपाई कुठून करायची? हवेतून. बॉल जास्त वेळ वर ठेवूनच.

म्हणजे ज्या गुणासाठी रेडर्सने रेला घेतलं, त्या गुणाची किंमत वर्षभरात नियमानेच वाढवली. पण नोंदवही मात्र जुनीच राहिली. पंटरच्या नावापुढे रकाने तेच: किती पंट, किती यार्ड, सरासरी किती.

1976 पासून लीगने दोन नवे रकाने नोंदवायला सुरुवात केली. एक 'नेट' सरासरी, म्हणजे पंटच्या अंतरातून प्रतिस्पर्धी जितका उलट धावला ते वजा. दुसरा, किती पंटनंतर प्रतिस्पर्धी आपल्याच शेवटच्या 20 यार्डांत अडकला. तोवर रेची तीन वर्षं खेळून झाली होती. त्या तीन वर्षांतलं हे काम कोणत्याच रकान्यात नाही.

माझ्या विषयात याला आम्ही 'उशिरा जन्मलेला आकडा' म्हणतो. म्हणजे मीच म्हणते, माझ्या गाइडना अजून हा शब्द पटलेला नाही. काम आधी बदलतं, मोजमाप मागाहून येतं, आणि मधल्या फटीत जी माणसं काम करून गेली त्यांचा हिशेब अर्धवटच राहतो.

दोन अंतिम सामने

आकडे बाजूला ठेवून दोन प्रसंग सांगते.

पहिला 9 जानेवारी 1977 चा, अकरावा सुपर बोल, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात. समोर मिनेसोटा व्हायकिंग्ज. सामना अजून शून्यावर. रे पंट मारायला आला आणि फ्रेड मॅकनील नावाच्या खेळाडूने मध्ये घुसून बॉल अडवला. लीगमध्ये आल्यापासून रेचा पंट असा अडवला जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि तीही वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात. व्हायकिंग्जना बॉल मिळाला तो रेडर्सच्या गोललाइनपासून फक्त तीन यार्डांवर. रेडर्सच्या नशिबाने दोनच डाउननंतर व्हायकिंग्जच्या हातून बॉल निसटला आणि परत रेडर्सकडे आला. पुढे रेडर्स 32–14 ने जिंकले.

दुसरा 22 जानेवारी 1984 चा, अठरावा सुपर बोल, टॅम्पात. समोर वॉशिंग्टन. चौथ्या डाउनला बॉल मागे फेकताना चुकला आणि रेच्या डोक्यावरून जायला लागला. रेने उंच उडी मारून एका हाताने तो खाली ओढला, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पंट मारला. रेडर्स 38–9 ने जिंकले.

या दुसऱ्या प्रसंगाची नोंद अधिकृत तक्त्यात कशी असेल? एक पंट, अमुक यार्ड. एवढीच. ती उडी त्यात नाही. बॉल निसटून आपल्याच गोललाइनजवळ घरंगळला असता तर काय झालं असतं, तेही त्यात नाही.

आणि पहिल्या प्रसंगाची? 'अडवलेले पंट' या रकान्यात एक. नियमित हंगामांच्या आख्ख्या कारकिर्दीत या रकान्यात आकडा आहे तीन. 1,049 पैकी तीन. कारकिर्दीच्या शेवटी सलग 619 पंट एकदाही अडवला गेला नाही.

वीस वर्षांचं कोडं

ओहायोतल्या कँटन गावात प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू त्यासाठी पात्र ठरतो, मग निवड समिती मतदान करते. रे 1992 मध्ये पात्र झाला. निवड झाली नाही.

1994 मध्ये लीगला 75 वर्षं झाली. त्या निमित्ताने सार्वकालिक सर्वोत्तम संघ जाहीर झाला. त्यात पंटर कोण? रे गाय.

म्हणजे बघा, 75 वर्षांतला सर्वोत्तम पंटर तोच, हे मान्य. पण हॉल ऑफ फेममध्ये जागा नाही. पुढे अनेकदा त्याचं नाव शेवटच्या यादीपर्यंत गेलं आणि मागे आलं. विरोधातला एक मुद्दा तत्त्वाचा होता: सामन्यात पाचदा येणाऱ्या माणसाला ही जागा द्यावी का? दुसरा आकड्यांचा: 42.4 ही सरासरी काही सर्वात जास्त नाही.

दुसरा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. 1940 मध्ये सॅमी बॉ या खेळाडूने हंगामात 51.4 यार्डांची सरासरी काढली होती, आणि तो विक्रम 2022 पर्यंत टिकला. मग 42.4 काय घेऊन बसलात? पण बॉच्या काळात चौथ्या डाउनची वाट न बघता अचानक पंट मारायची पद्धत होती. मागे झेलायला कोणी उभाच नसायचा, बॉल पडून घरंगळत जायचा आणि तेही यार्ड मोजले जायचे. 51.4 आणि 42.4 यांचं एकक एकच, यार्ड. पण ती दोन वेगळ्या कामांची मोजमापं आहेत. एका रकान्यात लिहिली म्हणून ती एकाच जातीची होत नाहीत. बॉची थोरवी यात कमी होत नाही, फक्त ही तुलना चुकते.

रेवर टीका करणारे सगळेच चुकीचे होते असंही मी म्हणणार नाही. बॉल गोललाइनच्या पार गेला तर प्रतिस्पर्ध्याला 20 यार्डांवरून सुरुवात मिळते, म्हणजे पंटचे 20 यार्ड वाया. जोरकस पाय असलेल्या पंटरकडून हे व्हायचंच, रेकडूनही व्हायचं. आकडे बघूच नयेत असं माझं म्हणणं नाही. कुठला आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढं आधी बघा, इतकंच.

आणखी एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी 2006 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1998 ते 2000 या तीन हंगामांतली सामन्यांच्या पहिल्या सत्राची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवलं की संघ चौथ्या डाउनला गरजेपेक्षा फार जास्त वेळा बॉल देऊन टाकतात. बऱ्याचदा प्रयत्न करणं जास्त फायद्याचं असतं. म्हणजे पंट ही मुळात भीतीची चाल? काही प्रमाणात हो. पण हा प्रशिक्षकाच्या निर्णयाचा हिशेब आहे. एकदा निर्णय झाला आणि रेला मैदानात पाठवलं, की पुढचं काम किती चांगलं केलं हा प्रश्न वेगळा. दोन्हींची गल्लत करून आपण कित्येकदा चुकीच्या माणसाला गुण देतो किंवा त्याचे कापतो.

शेवटी 2014 मध्ये रेची निवड झाली. पात्र झाल्यापासून 22 वर्षांनी. निव्वळ पंटर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला. स्वीकाराच्या भाषणात त्याने म्हटलं, आता कुठे इथला संघ पूर्ण झाला. मला ते वाक्य फार आवडतं. त्यात 'मी मोठा' असं काही नाही. संघातली एक जागा रिकामी होती, ती भरली, एवढंच.

3 नोव्हेंबर 2022 रोजी रे गेला. तेव्हाही तिथे दुसरा पंटर आलेला नव्हता.

मग माझं काय?

आमच्याकडे दरवर्षी प्रगतीचा अहवाल भरायचा असतो. किती पेपर छापून आले, किती परिषदांना गेलात, किती कोर्स केलेत. मागचं आख्खं वर्ष मी जुन्या नोंदवह्यांमधल्या चुका शोधण्यात घालवलं. एका मोठ्या तक्त्यात दोन वर्षांचे आकडे अदलाबदल होऊन छापले गेले होते, ते मला सापडलं. सापडलं म्हणून माझं एक अख्खं प्रकरण चुकीच्या पायावर उभं राहायचं वाचलं. या कामासाठी अहवालात रकाना नाही. मी तिथे शून्य लिहिलं.

तक्रार म्हणून सांगत नाहीये. फॉर्म बनवणाऱ्यालाही काहीतरी मोजावंच लागतं. पण शून्य लिहिताना मला 619 आठवला. सलग 619 वेळा काहीही वाईट न घडणं, हेही एक काम असतं.

आता शेवटची गंमत. 2000 पासून अमेरिकेत कॉलेज पातळीवरच्या सर्वोत्तम पंटरला दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. त्याचं नाव रे गाय अवॉर्ड. निवड करताना काय बघतात माहितीये? नेट सरासरी. प्रतिस्पर्ध्याला 20 यार्डांच्या आत किती वेळा अडकवलं. किती टक्के पंटवर तो उलट धावूच शकला नाही. म्हणजे रे लीगमध्ये आला तेव्हा ज्या गोष्टी मोजायचं कोणाच्या मनातही नव्हतं, नेमक्या त्याच आज त्याच्या नावाने मोजल्या जातात.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सरकवून दिलेला बॉल किती चांगला सरकवला, यावर तू पीएच.डी. करतेस?"

अगदी तसंच नाही मावशी. पण जवळपास.

तुमच्याही कामात असा एखादा रकाना असेल जो फॉर्मवर नाहीच. खाली लिहा. मी वाचते, आणि खरं सांगायचं तर वहीत उतरवूनही घेते.